विमापत्रातील जहाज आणि विमापत्राबाहेरचा किनारा : ‘हल अँड मशिनरी’ विम्याच्या संहितेची समीक्षा

१. प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात सागरी विमा हे प्रकरण बहुधा व्याख्या, तत्त्वे, प्रकार आणि हानीचे भेद एवढ्यात आटोपले जाते. विद्यार्थी परम सद्विश्वास, विमायोग्य हितसंबंध, नुकसानभरपाई ही तत्त्वे मुखोद्गत करतात आणि परीक्षेत उतरवितात. परंतु ज्या विमापत्रातून ही तत्त्वे प्रत्यक्ष व्यवहारात उतरतात, ते विमापत्र एक मजकूर म्हणून वाचण्याची सवय मात्र त्यांना लावली जात नाही. साहित्याचा अभ्यासक एखादी संहिता हाती घेतो तेव्हा त्यात कोण बोलते, कोणाशी बोलते, कोणाला नाव मिळते आणि कोण अनुल्लेखित राहते, हे तो पाहतो. हीच दृष्टी जहाजाच्या विमापत्राला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे विचार करावयाचा आहे तो जहाजाच्या स्वतःच्या विम्याचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘हल अँड मशिनरी’ असे म्हणतात त्या विम्याचा. ‘हल’ म्हणजे जहाजाचा सांगाडा, तळापासून कठड्यापर्यंतचा त्याचा देह. ‘मशिनरी’ म्हणजे इंजिन, बॉयलर, पंप इत्यादी यंत्रसामग्री. जहाजातील मालाचा विमा हा निराळा, आणि जहाजामुळे इतरांचे जे नुकसान होते त्याच्या दायित्वाचा विमाही बव्हंशी निराळा. हे वेगळेपण लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण या लेखातील मुख्य आक्षेप त्या वेगळेपणातूनच उद्भवतो. तो आक्षेप थोडक्यात असा : जहाजाच्या विमापत्राची भाषा जहाजाकडे केवळ भांडवल म्हणून पाहते, ज्या किनाऱ्यावर माणसे राहतात व पोट भरतात तो किनारा तिला दिसत नाही, आणि ही भाषा स्वीकारताना आपल्या कायद्याने तिची तपासणी केली नाही.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग या विषयाची चिकित्सा येथून का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. घाटमाथ्याचा व्यापार दीर्घकाळ राजापूर, खारेपाटण, वेंगुर्ले या बंदरांशी जोडलेला होता. याशिवाय कोल्हापूरच्या इतिहासाचा या संहितेतील एका शब्दाशी थेट संबंध आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

२. संहितेचे स्वरूप

लंडनच्या लॉईड्‌स या विमाबाजाराने १७७९ साली जहाज व माल यांच्या विम्यासाठी एक नमुना निश्चित केला. ‘एस. जी.’ नमुना या नावाने तो ओळखला जातो. ब्रिटिश संसदेने १९०६ साली सागरी विमा कायदा केला तेव्हा हाच नमुना त्याच्या परिशिष्टात घातला गेला. स्वतंत्र भारताचा सागरी विमा कायदा १९६३ सालचा. त्याची रचना, कलमांचा क्रम आणि शब्दयोजना यांवर १९०६ च्या ब्रिटिश कायद्याची छाप इतकी स्पष्ट आहे की दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास अनेक कलमे जवळजवळ शब्दशः जुळतात. परिशिष्टातील विमापत्राचा नमुना व त्याच्या अर्थनिर्णयाचे नियमही त्याच घडणीचे आहेत. लंडनच्या बाजाराने जुना नमुना मालाच्या विम्यासाठी १९८२ साली आणि जहाजाच्या विम्यासाठी १९८३ साली बाजूला सारला व नवी कलमावली तयार केली. जहाजासाठीची १९८३ ची ही ‘इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस – हल्स’ भारतीय विमा व्यवहारातही रूढ झाली.

जुन्या नमुन्याचा केंद्रभाग म्हणजे संकटांची यादी. समुद्राची संकटे, आग, शत्रू, चाचे, दरोडेखोर, माल समुद्रात फेकून देणे, राजांनी केलेला अटकाव, खलाशांनी मालकाविरुद्ध केलेला द्रोह अशी ती लांबत जाते. वरवर पाहता ही यादी जगातील सर्व भये सामावून घेणारी वाटते. परंतु काळजीपूर्वक वाचल्यास असे दिसते की या यादीतील प्रत्येक क्रियापदाचे कर्म जहाज आहे. जहाजावर समुद्र कोसळतो, जहाजाला आग लागते, जहाज लुटले जाते. जहाजाने दुसऱ्याचे काही केले, जहाजातून काही सांडले, जहाज कोणाच्या अंगणात येऊन पडले, या शक्यता त्या यादीत नाहीत.

अर्थनिर्णयाच्या नियमांत एक तपशील फार बोलका आहे. ‘चाचे’ या शब्दात कोणाचा समावेश होतो हे सांगताना नियम म्हणतो की बंड करणारे प्रवासी आणि किनाऱ्यावरून जहाजावर चाल करून येणारे दंगेखोर हेही त्यात येतात. जहाजाच्या दृष्टीने किनारा म्हणजे एरवी नांगर टाकण्याची जागा, जोखीम संपण्याची खूण. तेथील माणसांना या संहितेत प्रवेश मिळतो तो केवळ हल्लेखोर म्हणून. जहाजामुळे ज्यांचे नुकसान होऊ शकते असे लोक किनाऱ्यावर असतात, ही जाणीव या मजकुरात शोधूनही सापडत नाही.

३. ‘चाचे’ या शब्दाची दुसरी बाजू

हा शब्द कोल्हापूरकर वाचकाने थोडा थांबून वाचावा असा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवण व सिंधुदुर्ग हे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या सत्तेखाली होते. ब्रिटिशांनी १७६५ साली मोहीम काढून सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढल्याच वर्षी तहाने तो परत केला. १७९२ साली पुन्हा तह झाला आणि १७८५ पासून इंग्रज व्यापाऱ्यांची जी हानी झाली तिची भरपाई कोल्हापूर दरबाराने मान्य केली. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण ब्रिटिशांकडे गेले. या सर्व व्यवहारांत इंग्रजांची तक्रार एकच होती : मालवणची आरमारी गलबते चाचेगिरी करतात.

लॉईड्‌सचा नमुना निश्चित झाला ते १७७९ हे वर्ष या दोन तहांच्या बरोबर मध्ये पडते, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या विमापत्रातील ‘चाचे’ या शब्दाने ज्यांचा बोध होत असेल, त्यांत आपल्या दरबाराचे आरमार होते. ज्या सत्तेला आपल्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांवर दस्तक व जकात यांचा हक्क आहे असे वाटत होते, तिच्या दृष्टीने ती अंमलबजावणी; ज्याचे गलबत अडविले गेले त्याच्या दृष्टीने ती लूट. मालवणच्या आरमाराने केलेली प्रत्येक कारवाई न्याय्य होती असा दावा येथे करावयाचा नाही. त्यात निखळ लूटही असणार. मुद्दा भाषेचा आहे. ‘चाचे’ हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, तो निवाडा देतो, आणि तो निवाडा जहाजमालकाच्या बाजूने आधीच झालेला असतो. विमापत्राची भाषा तटस्थ, तांत्रिक असते या समजाला येथे पहिला तडा जातो.

४. यंत्राचा प्रवेश आणि सोयीचा विस्तार

विमापत्राची भाषा बदलतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ती बदलते, पण कोणाच्या गरजेने बदलते, हे पाहण्यासारखे आहे. १८८७ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌ससमोर ‘इंचमरी’ नावाच्या जहाजाचा खटला आला. या जहाजावरील एका साहाय्यक पंपाचा हवाकक्ष फुटला होता. झडप उघडी राहावयास हवी असता ती बंद होती. विमेदाराचे म्हणणे, ही समुद्राची आपत्ती आहे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. असा पंप जमिनीवरही फुटला असता. त्यात समुद्राचे असे काही नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

तर्काच्या दृष्टीने निर्णय निर्दोष होता. परंतु वाफेच्या जहाजांच्या मालकांना तो परवडणारा नव्हता. त्यामुळे विमाबाजाराने लगेच एक नवे कलम तयार केले. बॉयलर फुटणे, शाफ्ट तुटणे, यंत्रातील सुप्त दोष, तसेच कप्तान, अधिकारी व खलाशी यांचा हलगर्जीपणा यांमुळे होणारी हानी आता विम्यात आली; अट एवढीच की मालकाने स्वतः पुरेशी दक्षता घेतलेली असावी. ‘इंचमरी कलम’ म्हणून ते आजही ओळखले जाते, आणि १९८३ च्या कलमावलीत त्याचाच विस्तार आढळतो.

दुसरे उदाहरण टकरीचे. १८३६ साली एका इंग्रजी न्यायालयाने असे ठरविले की दोन जहाजांच्या टकरीत विमेदाराला दुसऱ्या जहाजाला जी भरपाई द्यावी लागते ती जहाजाच्या विम्यात येत नाही. यावर उपाय म्हणून टक्कर-दायित्वाचे कलम आले. पण विमाकारांनी तीन चतुर्थांश रकमेचाच भार घेतला. उरलेला एक चतुर्थांश हिस्सा, त्याचप्रमाणे मनुष्यहानी, अवशेष हलविण्याचा खर्च आणि प्रदूषण या गोष्टी या कलमाच्या बाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी १८५५ पासून जहाजमालकांनी आपापसांत परस्पर संरक्षण संघ स्थापन केले. त्यांनाच आज ‘पी अँड आय क्लब’ म्हणतात.

या दोन्ही उदाहरणांवरून एक सूत्र हाती येते. मालकाचे भांडवल धोक्यात आले तेव्हा विमापत्राची भाषा लवचीक झाली. किनाऱ्यावरील किंवा जहाजातील माणसांचा प्रश्न आला तेव्हा ती कठोर राहिली आणि तो प्रश्न दुसऱ्या दालनात पाठविला गेला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. कोकणच्या स्मृतीत ही घटना आजही जिवंत आहे. अशा दुर्घटनेचे मोजमाप जहाजाच्या विमापत्राने करावयाचे ठरविले तर त्यात एकच आकडा येतो : बोटीची विमित किंमत. हा विमापत्राचा गुन्हा नव्हे. त्याची दृष्टिमर्यादा आहे. परंतु मर्यादा ही मर्यादा म्हणूनच शिकविली गेली पाहिजे.

५. हमी : काटेकोरपणाचा भार कोणावर?

जहाजविम्याच्या संहितेतील सर्वांत कठोर शब्द ‘हमी’ हा आहे. बोलीभाषेत हमी म्हणजे आश्वासन. ते मोडले तर मोडण्याने जेवढे बिघडले तेवढ्याचा जाब द्यावा लागतो. सागरी विम्यात तसे नाही. १९६३ च्या कायद्यातील कलम ३५ नुसार हमी तंतोतंत पाळली गेली पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. ती मोडली की मोडल्याच्या क्षणापासून विमाकार मुक्त होतो. पुढे चूक दुरुस्त केली तरी ती सबब चालत नाही.

या नियमाचे मूळ १७८६ च्या एका इंग्रजी खटल्यात दिसते. लिव्हरपूलहून पन्नास किंवा अधिक माणसांसह निघण्याची हमी असलेले एक जहाज सेहेचाळीस माणसांसह निघाले. थोड्याच अंतरावर अँगलसी येथे आणखी सहा माणसे घेऊन त्याने ही उणीव भरून काढली. पुढे हे जहाज अगदी निराळ्या कारणाने हातचे गेले. तरीही लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायालयाने भरपाई नाकारली. हे जहाज आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून नेण्याच्या व्यापारातले होते. खलाशांची संख्या एकेकाने मोजणाऱ्या त्या वादात त्या माणसांची मात्र कोणतीही गणना मुद्द्याची ठरली नाही.

ब्रिटनने २०१५ च्या विमा कायद्याने हा नियम बदलला. ऑगस्ट २०१६ पासून तेथे हमी मोडली असता विमाकाराचे दायित्व केवळ तेवढ्या काळापुरते स्थगित होते. चूक दुरुस्त झाली की ते पुन्हा सुरू होते. शिवाय एखादी अट प्रत्यक्ष घडलेल्या हानीची शक्यता वाढविणारी नसेल तर तिचा आधार घेऊन दावा नाकारता येत नाही. ज्यांच्याकडून आपण नियम घेतला त्यांनी तो टाकून दिला. आपण मात्र तो जपून ठेवला आहे. भारतात २०२५ साली नौवहनविषयक कायद्यांची मोठी फेरमांडणी झाली, व्यापारी नौवहनाचा नवा कायदा आला. सागरी विमा कायदा मात्र १९६३ चाच राहिला.

या काटेकोरपणाचे परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंद ऑफशोअर या कंपनीच्या प्रकरणात जहाजाचा वर्ग कायम राखण्याच्या हमीचा भंग झाला म्हणून विमाकाराच्या बाजूने निर्णय दिला. जहाजाचा ‘वर्ग’ म्हणजे वर्गीकरण संस्थेने त्याच्या बांधणीविषयी व देखभालीविषयी दिलेले प्रमाण. मोठ्या कंपनीकडे अशी प्रमाणे सांभाळणारे अधिकारी, सल्लागार व वकील असतात. तिच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा करणे अवास्तव नाही. परंतु हर्णै, मिरकरवाडा, मालवण किंवा देवगड येथील एका बोटीचा मालक असलेला नाखवा याच कायद्याच्या कक्षेत येतो. नोंदणी, परवाना, क्षेत्रमर्यादा, पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवणे, बोटीवरील साधने अशा अटी त्याच्या विमापत्रात असू शकतात. समजा, बोटीवरील अग्निशामक नळकांडे बदलण्याची मुदत उलटून गेली आहे आणि बोट रात्री खडकावर आदळून फुटली. नळकांडे आणि खडक यांचा काडीचा संबंध नाही. तरी नळकांड्याविषयीची अट हमी म्हणून लिहिलेली असेल, तर कलम ३५ च्या शब्दांनुसार दावा नाकारण्याचा मार्ग मोकळा राहतो.

याउलट जमिनीवरची स्थिती पाहावी. मोटारवाहनाच्या विम्यात अटीचा भंग झाला तरी दाव्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर देता येते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केली. म्हणजे मासळी घेऊन घाट चढणाऱ्या ट्रकच्या मालकाला जो दिलासा मिळू शकतो, तो ती मासळी धरणाऱ्या बोटीच्या मालकाला कायद्याच्या शब्दांनी नाकारला आहे. या भेदाचे समर्थन करणारे तत्त्व कोणते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

समुद्रयोग्यतेच्या बाबतीत मात्र कायदा थोडा उदार आहे. कलम ४१ नुसार एका सफरीसाठी घेतलेल्या विम्यात जहाज समुद्रयोग्य असल्याची गर्भित हमी असते; ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या विम्यात ती नसते. तेथे विमाकाराला सुटका मिळते ती मालकाला माहीत असूनही जहाज नादुरुस्त अवस्थेत समुद्रात पाठविले गेले असेल आणि हानी त्या नादुरुस्तीमुळेच झाली असेल तेव्हा. कारण आणि परिणाम यांचा सांधा जुळविण्याची ही रीत न्याय्य आहे. तीच रीत इतर हमींना का लावू नये, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

६. ‘त्याग’ आणि बेवारस देह

आता या संहितेतील शेवटच्या, आणि किनाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या संकल्पनेकडे वळू. जहाज प्रत्यक्ष नष्ट झाले नाही, पण ते सोडविण्याचा व दुरुस्तीचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर कायदा त्याला रचनात्मक संपूर्ण हानी मानतो. अशा वेळी मालक जहाजाचा ‘त्याग’ करून विमाकाराकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो. जहाजाच्या अवशेषांवर त्यानंतर विमाकाराला हक्क सांगता येतो. परंतु हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. अवशेषांतून लाभ होणार असेल तर विमाकार ते घेईल. त्यांत खर्चच असेल तर तो रक्कम देईल आणि अवशेषांना हात लावणार नाही.

येथे भाषेची करामत पाहण्यासारखी आहे. मराठीत ‘त्याग’ या शब्दाला एक नैतिक उंची आहे. विमापत्रातील त्यागात ती नाही; तेथे त्याग म्हणजे नकोशा झालेल्या वस्तूवरून हात काढून घेणे. हिशेबाच्या वहीत जहाज ‘संपूर्ण हानी’ या एका ओळीत मिटते. त्याचा देह मात्र कोठेतरी, कोणाच्या तरी पाण्यात पडून असतो.

पश्चिम किनाऱ्याला असे देह परके नाहीत. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्याला लागले आणि सुमारे बारा वर्षे तेथेच गंजत राहिले. त्यासाठी गोवा शासनाला २००१ साली पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतील काहींत कीटकनाशके होती. इंधन तेल सांडले. बंदराची वाहतूक काही दिवस थांबली आणि मासळीच्या विक्रीवर परिणाम झाला. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक कॅरिअर’ हे जहाज इंडोनेशियाहून दहेजकडे साठ हजार टनांहून अधिक कोळसा नेत असता मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात इंधन तेल व डिझेलही होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी या प्रकरणात जहाजाशी संबंधित कंपन्यांवर १०० कोटी रुपये व कोळशाच्या मालक कंपनीवर ५ कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई बसविली.

या घटनांत ज्या कोळ्याचे जाळे तेलाने माखले, ज्याचे मासेमारीचे दिवस बुडाले, त्याच्या हानीचा कोणत्याही ‘हल’ विमापत्राशी संबंध येत नाही. बुडालेल्या जहाजाच्या विमापत्रात तो नाही, कारण त्यात किनारा नाही. त्याच्या स्वतःच्या बोटीच्या विमापत्रातही तो नाही. कारण बोट शाबूत आहे, आणि बोट बांधून ठेवावी लागल्याने बुडालेली कमाई हा ‘हल’ विम्याचा विषय नव्हे. दोन विमापत्रांच्या मधल्या पाण्यात तो उभा आहे.

७. संभाव्य आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की जहाजाचा विमा हा नुकसानभरपाईचा करार आहे. ज्याची वस्तू, त्याचा विमा. किनाऱ्याच्या हानीसाठी दायित्वाचा विमा आहे, ‘पी अँड आय क्लब’ आहेत. मग ‘हल’ विमापत्राकडून ती अपेक्षा करणे म्हणजे कुलपाने छप्पराचे काम करावे असे म्हणणे होय.

आक्षेपात तथ्य आहे. भारताने या दिशेने काही पावले टाकली हेही मान्य केले पाहिजे. अवशेष हलविण्याविषयीच्या २००७ च्या नैरोबी कराराला भारत २०११ साली सामील झाला. हा करार २०१५ पासून अमलात आहे आणि ३०० टन व त्याहून अधिक भाराच्या जहाजांना विमा किंवा तत्सम आर्थिक हमी बाळगणे त्याने बंधनकारक केले आहे. २०१२ च्या नियमांनी भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांना सागरी दाव्यांसाठीचा विमा आवश्यक केला. परंतु या तरतुदींचा क्रम पाहावा. आधी जहाजे बुडाली, तेल सांडले, देह वर्षानुवर्षे कुजले. नंतर नियम आले. यंत्राच्या बाबतीत मात्र एका पंपाचा एक खटला पुरेसा झाला होता. शिवाय दायित्वाच्या विम्यालाही जहाजाच्या टनभारानुसार ठरणारी कमाल मर्यादा असते, आणि परकीय निशाणाखालील जहाजाच्या मालकाचा शोध घेत न्यायालयांत फिरण्याची ऐपत किनाऱ्यावरच्या माणसाकडे नसते. एक दालन दुसऱ्याकडे बोट दाखविते, एवढ्याने न्याय होत नाही.

दुसरा आक्षेप असा की हमीचा नियम सैल केला तर निष्काळजीपणा वाढेल व हप्ते महाग होतील. ब्रिटनमधील सुधारणा मोघम सूट देत नाही. ती केवळ भंग आणि हानी यांचा संबंध तपासावयास सांगते. ज्याच्या निष्काळजीपणामुळे बोट बुडाली त्याला तेथेही संरक्षण नाही. आणि ज्याचा हप्ता घ्यावयाचा पण असंबद्ध कारणाने दावा नाकारावयाचा, त्याला विमा स्वस्त पडला असे म्हणणे हा शब्दच्छल होय. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमारी बोटींच्या विमाहप्त्याला शासकीय साहाय्याची तरतूद आहे. शासन हप्त्याला साहाय्य करीत असता, त्या हप्त्याने विकत घेतलेल्या विमापत्राची भाषा न्याय्य असावी हे पाहणे शासनाचेच कर्तव्य ठरते.

८. समारोप

आपल्या परंपरेला समुद्रातील जोखमीचे भान नव्हते असे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यातून जाणाऱ्या ऋणकोसाठी शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यासाठी शेकडा वीस असा व्याजाचा भेद सांगितला आहे. जोखीम वाढली की तिची किंमत वाढते, हा विचार त्यात स्पष्ट आहे. परंतु तोही धनको आणि ऋणको यांच्यातला हिशेब होता. किनाऱ्याला पक्षकार मानण्याचे काम जुन्या स्मृतीने केले नाही आणि १७७९ च्या नमुन्यानेही केले नाही. ते आजच्या कायद्याने करावयाचे आहे.

त्या दृष्टीने तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. पहिली, १९६३ च्या कायद्यातील कलम ३५ मध्ये दुरुस्ती करून हमीचा भंग आणि प्रत्यक्ष हानी यांचा कार्यकारणसंबंध आवश्यक ठरवावा. किमान मासेमारी बोटींसाठी तरी हे त्वरित व्हावे. दुसरी, ज्या जहाजाचा ‘त्याग’ होतो त्याची संपूर्ण हानीची रक्कम देण्यापूर्वी अवशेष कोण, केव्हा व कोणाच्या खर्चाने हलविणार याची लेखी निश्चिती असावी. तिसरी, कोकणातील बोटमालकाला त्याचे विमापत्र मराठीत मिळावे, आणि त्यातील प्रत्येक हमी ‘ही मोडल्यास विमा संपेल’ अशा सरळ वाक्यात लिहिलेली असावी. परम सद्विश्वासाचे तत्त्व विमेदाराला काहीही लपवू नये असे बजावते. विमाकाराने आपल्या अटी विमेदाराला न समजणाऱ्या भाषेत ठेवणे हेही एक प्रकारचे लपविणेच आहे.

वर्गात सागरी विमा शिकविणाऱ्यांनाही यातून काही घेता येईल. विमापत्र ही कोरी तांत्रिक वस्तू नाही. तिला इतिहास आहे, बाजू आहे, आणि तिच्यात गाळलेल्या जागा आहेत. मालवणची गलबते एके काळी त्या गाळलेल्या जागेत ‘चाचे’ म्हणून ढकलली गेली; आज त्याच मालवणच्या नाखव्याचे दावे ‘हमीभंग’ या शब्दाखाली तेथे ढकलले जाऊ शकतात. शब्द बदलला, जागा तीच राहिली. ती जागा भरून काढणे हे कायदेमंडळाचे काम. ती दाखवून देणे हे अभ्यासकाचे.